सत्तावीस अधिक पंखा

बंगळुरूत भाड्याचं घर बघायला गेलं की घरमालक तीन गोष्टी विचारतात: मांसाहार करता का, लग्न झालंय का, आणि कंपनी कुठली. आमच्या अण्णांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी मला हॉलमधल्या वेताच्या खुर्चीत बसवलं, भिंतीवर ओळीने टांगलेल्या चार थर्मामीटरांवर एकदा नजर फिरवली आणि विचारलं, "उन्हाळ्यात खोली किती अंशांवर ठेवता?"

मी नागपूरची. आमच्याकडे मे महिन्यात खोली अंशांवर ठेवत नाहीत. खोली कूलरच्या हवाली करतात आणि स्वतःला देवाच्या. मी तसं सांगितलं आणि अण्णा खूश झाले. नागपूरच्या मुलीला इथलं ऊन म्हणजे किस झाड की पत्ती, असा हिशेब करून त्यांनी वरचा मजला मला देऊन टाकला. करारपत्रात मात्र एक कलम निघालं: भाडेकरूने एसी सत्तावीस अंशांच्या खाली नेऊ नये व पंखा दोनवर ठेवावा. नोटरीने ते कलम दोनदा वाचलं, माझ्याकडे दयेने बघितलं आणि शिक्का मारला. मीही सही केली. घराला गच्ची होती, गल्लीत झाडं होती, आणि तेव्हा जानेवारी होता. जानेवारीत माणूस कशावरही सही करतो.

गल्ली त्यांना अण्णा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अक्का. नवरा-बायकोला भाऊ-बहीण करून टाकायची इथली ही रीत मला आधी चमत्कारिक वाटली, मग मीही तेच म्हणायला लागले. दोघं मूळची सांगलीकडची. अण्णा बाविसाव्या वर्षी इथल्या एका सरकारी कारखान्यात लागले आणि तिथल्या मापनकक्षात चौतीस वर्षं काढून निवृत्त झाले. मापनकक्ष म्हणजे कारखान्यातली मोजायची साधनं जिथे स्वतःच मोजली जातात ती खोली. ती बारा महिने वीस अंशांवर ठेवलेली असायची, कारण पोलाद उष्णतेने फुगतं आणि माप चुकतं. हे सांगताना अण्णांचा आवाज देवघरात बोलल्यासारखा खाली यायचा. "ते वीस माणसांसाठी नव्हतं, पोलादासाठी होतं. आम्ही कुडकुडायचो. पोलाद मजेत असायचं." चौतीस वर्षं पोलादाच्या सोयीने काढल्यावर माणसाच्या सोयीचा आकडा शोधायचा, हे त्यांनी निवृत्तीनंतरचं जीवितकार्य ठरवलं. त्यांच्या वयाचे गल्लीतले बाकीचे लोक गुडघे बदलून घेत होते.

आकडा त्यांना सापडलाही होता. सत्तावीस अधिक पंखा. खरं म्हणजे 'बंगळुरूला एसी लागतच नाही' हे त्यांचं मूळ मत, आणि ते या शहरात चाळीस वर्षं राहिलेल्या प्रत्येक माणसाचं असतं. ते आले तेव्हा घरात पंखासुद्धा नव्हता म्हणे, पंखा फक्त लग्नाच्या हॉलमध्ये असायचा. पुढे झाडं गेली, तळी गेली, ऊन आलं; मत तसंच राहिलं. शेवटी अमेरिकेतल्या मुलाने तिथूनच बटणं दाबून एक एसी घरी धाडला. बसवायला आलेल्या दोन माणसांना अण्णांनी पाऊण तास व्हरांड्यात उभं करून शहराच्या हवामानाचा जाब विचारला. ते दोघं सहा स्क्रू लावून जे पळाले ते पुन्हा दिसले नाहीत. मग अण्णांनी विचार केला, आलाच आहे तर निदान शास्त्रशुद्ध वापरू. त्या घरातली खरी विपत्ती या विचारापासून सुरू झाली.

एप्रिल ते जून दर रविवारी दुपारी तीनला त्यांच्या हॉलमध्ये मतदान असायचं. मतदार तीन: अण्णा, अक्का आणि मी. पाहुणा हाती लागला तर तोही. आधी सगळ्यांनी वीस मिनिटं न हलता बसायचं. पोलाद मोजण्याआधी त्याला खोलीत ठेवून स्थिर होऊ द्यावं लागतं, मग माणसाला का नको, असा त्यांचा सवाल होता. या वीस मिनिटांत पाणी नाही, चहा नाही, वाद नाही. एकदा अक्कांची चुलतबहीण आनेकलहून दोन बस बदलून भर उन्हात आली आणि दारातच म्हणाली, "अगं, आधी पाणी दे." अण्णांनी हात आडवा केला. "स्वल्प थांबा. आत्ता पाणी प्यायलात तर तुमचं मत खराब होईल." त्या बिचारीने घशाला कोरड पडलेली असताना वीस मिनिटं आपल्या मताची राखण केली. त्यानंतर ती फक्त हिवाळ्यात यायची.

मग चिठ्ठ्या वाटल्या जायच्या. उणे तीन म्हणजे कुडकुडतोय, अधिक तीन म्हणजे भाजतोय, आणि मधलं शून्य म्हणजे काहीच वाटत नाही. काहीच न वाटणं हे अण्णांच्या लेखी सुखाचं शिखर होतं. चिठ्ठीवर अंगातले कपडेही लिहायचे. मी जीन्स घालून गेले की चष्म्यावरून बघत म्हणायचे, "जीन्स. अर्धा अंश कापतो हं तुझ्या मतातला." मी भाजूनच निघालेली असायचे, पण अधिक तीन लिहायची छाती नव्हती. घर टिकवायचं होतं. म्हणून अधिक एक लिहायचे. एकदा तोंडानेच म्हणून गेले, "अण्णा, मला लय उकडून राहिलं." तर शांतपणे म्हणाले, "तोंडाने नको. चिठ्ठीवर."

सोमवारी मी व्हाइटफील्डला ऑफिसात जायचे. तिथे एसी एकोणीसवर असायचा आणि आम्ही बायका शाली पांघरून कोड लिहायचो. तो आकडा कुणी ठरवला हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि चिठ्ठीही कुणी देत नव्हतं. आठवड्यातले तीन दिवस पोलादाच्या खोलीत आणि चार दिवस अण्णांच्या खालच्या-वरच्या मजल्यावर, असा माझा उन्हाळा जायचा. सर्दी आणि घामोळं एकाच अंगावर एकाच वेळी येऊ शकतं, हे मला तेव्हा कळलं.

अण्णांचा रिमोट शर्टाच्या खिशात पेनाशेजारी असायचा. आंघोळीला जाताना शर्ट बाथरूमच्या खुंटीला टांगला जायचा आणि रिमोटही आत जायचा. पण रिमोटवरच्या आकड्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "तो आकडा म्हणजे कंपनीची इच्छा आहे," ते म्हणायचे. "खोलीचा आकडा वेगळा." हे मात्र खरं होतं. त्यांचे थर्मामीटर छताजवळ एक सांगायचे, जमिनीजवळ दुसरं. त्यावरून एकदा त्यांनी इथल्या शिवाजीनगरहून एक म्हातारा मिस्त्री बोलावला. मशीन सत्तावीस सांगतं आणि खोली सव्वासत्तावीस भरते, ही तक्रार. मिस्त्रीने स्टूल मागितलं, मशीन उघडलं, पुसलं, बंद केलं, आणि खाली उतरून हात पुसत म्हणाला, "सार, मशीन एकदम अच्छा है. तुम उसको काम करने नै देरे."

अण्णा म्हणाले, "पाव अंशाचा फरक आहे."

"सार, पाव अंश किसको समझता?"

"मला समजतो."

मिस्त्रीने अक्कांकडे बघितलं. अक्का ताकाचा पेला घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पेला त्याच्या हातात दिला आणि त्या आत गेल्या.

आता अक्कांबद्दल सांगायला हवं, कारण या सगळ्या शास्त्राचा डोलारा त्यांच्यावर उभा होता. अक्का दर रविवारी शून्य लिहायच्या. पंचवीसला शून्य, सव्वीसला शून्य, अठ्ठावीसला शून्य. एकदा वीज गेली होती, एसी बंद, पंखा बंद, बाहेर गल्लीतली कुत्रीसुद्धा गटाराच्या ओलाव्यात पडलेली; अक्कांची चिठ्ठी शून्य. कुठल्याही साध्या माणसाने यावरून ओळखलं असतं की काहीतरी गडबड आहे. अण्णा साधे नव्हते. त्यांना वाटलं, आपल्याला घरातच प्रमाण सापडलं. मापनकक्षात एक माप असं ठेवतात की जे काही झालं तरी बदलत नाही, आणि बाकीची मापं त्याच्याशी ताडून बघतात. अक्कांना त्यांनी ती जागा दिली. मी अधिक एक लिहिलं की रजिस्टरमध्ये बघून म्हणायचे, "ही शून्य म्हणते, म्हणजे खोली बरोबर आहे. एकाने तू चुकतेस. कूलरची सवय, दुसरं काय." आयुष्यभर मोजमाप केलेल्या माणसाला एवढं कळू नये, की जो काटा कशानेच हलत नाही तो अचूक नसतो, अडकलेला असतो! कारखान्यात असा काटा दिसला असता तर त्यांनी तो त्याच दिवशी फेकला असता. घरात दिसला तर त्यांनी त्याची पूजा मांडली.

अक्कांना रक्तदाब होता. उन्हाळ्यात त्यांना गरगरायचं, आणि दुपारची झोप नीट झाली नाही तर संध्याकाळी भिंत धरून चालावं लागायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुपारी थंड खोलीत दोन तास पडा. अण्णा म्हणाले, "खोली थंडच आहे, सत्तावीस." एका रविवारी मी त्यांच्या शेजारी बसले होते तेव्हा बघितलं, पदराखाली मानेवर त्यांनी ओला पंचा ठेवला होता. पाणी ब्लाउजमधून पाठीवर उतरत होतं, आणि हातातल्या चिठ्ठीवर त्या शून्य काढत होत्या. मला एवढा राग आला की मी माझ्या चिठ्ठीवर पहिल्यांदा अधिक तीन लिहिलं. अण्णांनी ते वाचून मला विचारलं की मी सकाळी मिसळ खाल्ली होती का.

दुसऱ्या दिवशी जिन्यात अक्कांना गाठून मी विचारलं, "शून्य का लिहिता हो?"

"पहिल्या वर्षी दोन लिहिलेलं," त्या म्हणाल्या. "अय्यो, मग तासभर प्रश्न! डोक्याला गरम की पायाला? गोळी घेतलीस का? फोडणीत मिरची किती होती? पुन्हा वीस मिनिटं बस, पुन्हा लिही. पाच चिठ्ठ्या घेतल्या माझ्याकडून. पाचवीवर शून्य लिहिलं तर म्हणाले, आता कसं, सरी, बरोबर आलं. तेव्हापासून शून्यच लिहिते. शून्याला प्रश्न येत नाहीत."

मी बुधवार-शुक्रवार घरून काम करायचे. त्या बुधवारी दुपारी दोनला मी माझ्या खोलीतला, आधीच्या भाडेकरूने मागे ठेवलेला एसी तेवीसवर नेला आणि अक्कांना हाक मारली. गच्चीची वाट माझ्या दारावरूनच जायची, आणि गच्चीवर अक्कांनी कुरडया वाळत घातल्या होत्या. तेच निमित्त झालं. अक्कांनी अण्णांना सांगितलं, कावळ्यांवर लक्ष ठेवायला बसते. गच्चीवर एक खुर्ची आणि उघडलेली छत्री ठेवली. मग दर बुधवारी-शुक्रवारी अक्का माझ्या पलंगावर चादर ओढून दोन तास गाढ झोपायच्या, अगदी घोरायच्या. मी मीटिंगमध्ये माइक बंद ठेवायचे. चारला उठून त्या तोंड धुवायच्या आणि भिंतीला हात न लावता जिना उतरायच्या. मे महिना अर्धा असा गेला. ऊन नसलेल्या दिवसांतही कुरडया वाळतच राहिल्या. त्या वर्षी आमच्या घरी जेवढ्या कुरडया झाल्या तेवढ्या अख्ख्या सांगलीत झाल्या नसतील.

आणि अण्णा? ते गल्लीत सांगत सुटले. "भर उन्हात दोन तास गच्चीवर बसते, आणि खाली येऊन शून्य! याला म्हणतात प्रमाण."

पण कावळ्यांना कुणी विश्वासात घेतलं नव्हतं. एका शुक्रवारी अण्णा अंगणात उभे असताना वरून त्यांच्यापुढे एक कुरडई पडली. मग दुसरी. ते राखणदाराची चौकशी करायला वर आले. छत्रीखाली खुर्ची रिकामी होती, कावळ्यांची पंगत बसली होती, आणि कोपऱ्यातलं माझ्या एसीचं बाहेरचं यंत्र दणदणत होतं. सत्तावीसवर यंत्र असं दणदणत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी माझं दार वाजवलं. मी उघडलं. खिशातून छोटा थर्मामीटर काढून ते आत आले आणि खोलीच्या मधोमध उभे राहिले. आधी त्यांनी आकडा वाचला, मग बायको बघितली.

"तेवीस," ते म्हणाले.

अक्कांना जाग आली. मी मनात सामान बांधायला घेतलं होतं. कलम मोडलं होतं, आणि ते मोडताना मालकाची बायकोही पळवली होती.

"तुला इथे काय वाटतंय?" अण्णांनी विचारलं.

"बरं वाटतंय," अक्का म्हणाल्या.

"बरं म्हणजे किती?"

अक्का उठून बसल्या. चादर नीट घडी केली. "हे बघा, खाली मला भाजतं. सहा उन्हाळे झाले, भाजतंय. शून्य मी तुमच्यासाठी लिहायचे."

अण्णांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही, आणि ते विसरावं असं मला फार वाटतं. मला वाटलं होतं, आता त्यांना बायकोची कीव येईल. निदान लाज वाटेल. ते म्हणाले, "म्हणजे सहा वर्षांचं रजिस्टर फुकट गेलं." आणि खरोखर डोळ्यांत पाणी आलेला तो माणूस थर्मामीटर खिशात ठेवून खाली निघून गेला. कलमाबद्दल मला ते तेव्हाही काही बोलले नाहीत आणि नंतरही नाही. पुढच्या वर्षी ऑफिसजवळ घर घेऊन मी आपणहून निघाले, तेव्हाही नाही. माझ्या गुन्ह्याला त्यांच्या दुःखात जागाच नव्हती.

पण अण्णा प्रामाणिक होते, ते कबूल करायला हवं. दोन दिवस त्यांनी रजिस्टर उघडून अक्कांच्या प्रत्येक शून्यावर तांबड्या शाईने रेघ मारली. रविवारी नेहमीप्रमाणे तीनला मला बोलावणं आलं. मला जायचं नव्हतं, पण अक्का एकट्या पडतील म्हणून गेले. सगळे वीस मिनिटं बसलो. सत्तावीस अधिक पंखा चालू होता. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मग अण्णांनी चिठ्ठ्या काढल्या. एक मला दिली, एक स्वतः घेतली, आणि पेनाचं टोपण काढलं.

"माझी कुठेय?" अक्कांनी विचारलं.

"तुला नाही," अण्णा म्हणाले. आवाज मऊ होता, आजारी माणसाला सांगावं तसा. "तुला बाद केलंय. बाद झालेलं साधन पुन्हा वापरता येत नाही. राग मानू नकोस, नियम आहे."

मी अक्कांकडे बघितलं. मला वाटलं, आता रडतील. त्या मात्र क्षणभर विचारात पडल्या, आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "म्हणजे यापुढे मला विचारणार नाही?" त्या म्हणाल्या. "डोकं की पाय, मिरची किती, काही नाही?"

"काही नाही. तुझं मत धरायचंच नाही."

"सरी," अक्का म्हणाल्या. त्या उठल्या, अण्णांच्या खुर्चीपाशी गेल्या, आणि माझ्यादेखत त्यांच्या खिशातून रिमोट काढून घेतला. अण्णांचा हात खिशाकडे गेला खरा, पण उशिरा गेला. चार वेळा बटण वाजलं. रिमोट मुठीत धरूनच त्या दिवाणावर आडव्या झाल्या आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"हे चालणार नाही," अण्णा मला म्हणाले. मी माझ्या चिठ्ठीवर पहिल्यांदाच शून्य लिहिलं, आणि ते खरं होतं.

खोली हळूहळू गार होत गेली. भिंतीवरचे चारही थर्मामीटर उतरायला लागले. अण्णा एकेकाकडे बघत होते. मग त्यांनी अर्ध्या बाह्यांखालचे उघडे हात चोळले, खांदे आवळले, लुंगी पायांभोवती गुंडाळून घेतली. पेन चिठ्ठीवर टेकलेलं होतं पण पुढे सरकत नव्हतं. शेवटी ते दिवाणाकडे बघून बारीक आवाजात म्हणाले, "अगं, मला थंडी वाजतेय."

अक्कांनी तोंड वळवलं नाही. अर्धवट झोपेतल्या आवाजात म्हणाल्या, "शून्य लिहा. सवय होते."